जागा शिल्लक नाही: यूएसबीच्या कुवतीची गोष्ट

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव असा कारखान्यांचा सलग पट्टा आहे. समजा, इथल्या एखाद्या कारखान्यात तयार मालाची तपासणी करायला कॅमेरे बसवायचे आहेत. एका कॉम्प्युटरला दोन यूएसबी कॅमेरे जोडले. पहिला लगेच सुरू झाला, चित्र स्वच्छ आलं. दुसरा सुरू करायला गेलं की लिनक्स एक ओळ छापतं आणि थांबतं: डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही.

ही ओळ वाचून कोणीही आधी हार्ड डिस्क तपासेल. जुन्या फायली उडवेल. मग केबल बदलेल, कॅमेऱ्यांची अदलाबदल करेल, शेवटी नवीन कॅमेरा मागवेल. डिस्क अर्धी रिकामी असते, दोन्ही कॅमेरे धडधाकट असतात, केबलही चांगली असते. वायरवरची वेळ संपलेली असते. ते कर्नलला कळलेलं असतं, पण सांगताना त्यानं हाताशी असलेला सगळ्यात जवळचा शब्द वापरलेला असतो.

हार्डवेअरला आपली कुवत ठाऊक असणं आणि ती वापरणाऱ्यापर्यंत पोचणं, यांत बरंच अंतर असतं. यूएसबीच्या बाबतीत ते अंतर कमी करायला लोक पंचवीस वर्षं झटतायत. त्यांचीच ही गोष्ट आहे.

जागा कसली?

यूएसबी 2.0चा वेग सेकंदाला 480 मेगाबिट, म्हणजे 60 मेगाबाइट. हा वेग कंट्रोलर वेळेचे तुकडे पाडून वाटतो. एक तुकडा 125 मायक्रोसेकंदांचा, सेकंदाला असे 8000 तुकडे. कॅमेरा, माइक यांना ठरलेल्या वेळी ठरलेली जागा हवी असते, म्हणून ते आधीच आरक्षण करतात. पेन ड्राइव्ह आरक्षण करत नाही. एसटीत उभ्यानं जाणाऱ्या प्रवाशासारखा तो उरलेल्या जागेत जातो. पण सगळी गाडी आरक्षितच झाली तर उभ्या प्रवाशाला पाय ठेवायलाही जागा उरणार नाही. म्हणून नियम असा, की आरक्षण जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 125पैकी 100 मायक्रोसेकंद.

आता हिशोब करू. कॅमेरा एका तुकड्यात जास्तीत जास्त 1024 बाइटची तीन पाकिटं मागू शकतो. 8000नं गुणलं की सेकंदाला साधारण 24.6 मेगाबाइट. असे दोन कॅमेरे म्हणजे 49च्या वर. 60चे 80 टक्के 48. दुसरा कॅमेरा थोडक्यासाठी बाहेर राहतो. त्यात बरेच कॅमेरे दाबून लहान केलेलं चित्र पाठवत असले तरी आरक्षण मात्र पूर्ण आकाराचंच मागतात. पिशवी ठेवायला दोन सीट अडवणारा प्रवासी आपण पाहिलेला असतोच.

मग ‘वेळ संपली’ असं कर्नल का म्हणत नाही? युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत चुकांची एक छोटी क्रमांकवार यादी ठरली. त्यात 28वी चूक ‘जागा शिल्लक नाही’ ही आहे. ती डिस्कसाठी होती. यूएसबीची वेळ भरते तेव्हा लिनक्स हाच 28 क्रमांक परत करतं. कर्नलच्या कागदपत्रांत हा अर्थ नीट लिहिलेला आहे. पण कारखान्यातल्या माणसाला तो क्रमांक दिसतच नाही, त्याचं जुनं भाषांतर दिसतं.

एकच खाच, दोन चिपा

यूएसबीचं पहिलं मानक जानेवारी 1996मध्ये आलं. कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या त्यामागे होत्या. इंटेलमध्ये या कामात पुढे होते अजय भट्ट. ते वडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकलेले. विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते सयाजीराव गायकवाड जन्मले आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात, आणि त्यांच्या काळात 1890मध्ये सुरू झालेल्या कलाभवनातूनच पुढे विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा उभी राहिली.

भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा उद्देश साधा होता. प्रिंटरला एक खाच, माऊसला दुसरी, मोडेमला तिसरी, हा पसारा संपवायचा. वापरणाऱ्याला आत काय आहे याचा विचार करायला लागू नये.

पण आत सुरुवातीपासूनच एकवाक्यता नव्हती. कॉम्प्युटरच्या बाजूला यूएसबी सांभाळणाऱ्या चिपला होस्ट कंट्रोलर म्हणतात. इंटेलनं एका पद्धतीचा कंट्रोलर आणला, यूएचसीआय. त्यात बरंचसं काम सॉफ्टवेअरवर सोडलेलं. कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट आणि नॅशनल सेमिकंडक्टर यांनी दुसरा आणला, ओएचसीआय. त्यात चिप स्वतः जास्त काम करणार. 2000मध्ये यूएसबी 2.0 आलं तेव्हा तिसरा, ईएचसीआय. यूएसबी 3.0साठी चौथा, एक्सएचसीआय, जो आधीच्या तिघांचंही काम करतो. बाहेरून खाच तीच. आतली चिप कोणती, तिला काय जमतं, हे वापरणाऱ्याला कळायचं काही कारणच ठेवलं नव्हतं.

पहिली खिडकी

लिनक्सनं यूएसबी हातात घेतलं 1999च्या सुमारास, आणि जानेवारी 2001मध्ये आलेल्या 2.4 या आवृत्तीपासून ते सर्रास वापरात आलं. त्याच पिढीत एक छोटी सोय झाली. ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरखाली एक फाइल उघडली की जोडलेल्या सगळ्या यूएसबी वस्तूंची यादी वाचता यायची. डिस्कवर अशी फाइल नसतेच. तुम्ही ती उघडता त्या क्षणी कर्नल ती तयार करून देतो. सरकारी कचेरीतल्या खिडकीसारखं समजा. आत दप्तर कसं लावलंय हे आपल्याला बघायचं नसतं, खिडकीवर उतारा मिळाला की झालं.

त्या उताऱ्यात प्रत्येक बससाठी ‘बी’ अक्षरानं सुरू होणारी एक ओळ असते. आरक्षणासाठी एकूण किती मायक्रोसेकंद आहेत आणि त्यांतले किती दिले गेलेत, हे त्यात लिहिलेलं. 800पैकी इतके, म्हणजे इतके टक्के. आपल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं उत्तर याच ओळीत होतं. चुकीचा संदेश तिकडे, खरा हिशोब इकडे, आणि दोघांची भेट घालून देणारं कोणी नाही.

110 मायक्रोसेकंदांची गरज

2011मध्ये किरिल स्मेलकोव्ह या प्रोग्रामरपुढे अशीच अडचण आली. त्याच्याकडे व्हिडिओ पकडणारी दोन यूएसबी कार्डं होती. एकाला प्रत्येक तुकड्यात साधारण 53 मायक्रोसेकंद लागत होते, दुसऱ्याला 57. बेरीज 110. मर्यादा 100. तुकडा मात्र 125चा. म्हणजे वायरवर वेळ होती, आड येत होता तो नियम.

स्मेलकोव्हनं आपल्यापुरता कर्नलमध्ये 100च्या जागी 110 लिहून काम भागवलं असतं तर ते कोणाला कळलंही नसतं. त्यानं ती मर्यादा एका छोट्या फाइलमध्ये आणून ठेवली. ईएचसीआय कंट्रोलरच्या फोल्डरमध्ये ही फाइल दिसते. वाचली तर 100 हा आकडा मिळतो, अधिकार असेल तर त्यात नवा आकडा लिहिता येतो. जुलै 2011ची नोंद, कर्नलची आवृत्ती 3.1.

त्याबरोबर त्यानं लिहिलेली सूचना मला जास्त आवडते. मानकाबाहेरच्या आकड्यांवर हार्डवेअर बनवणाऱ्यांनी नीट चाचणी केलेली नसते, त्यामुळे 100 सोडून दुसरा आकडा घातला तर हार्डवेअर बिघडल्यासारखं वागू शकतं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. वापरणाऱ्याच्या हातात अधिकार दिला, आणि धोकाही त्याच कागदावर लिहून दिला.

न सांगणारी चिप

तोवर एक्सएचसीआय आला होता. त्याचा लिनक्समधला ड्रायव्हर तेव्हा इंटेलमध्ये असलेल्या सेज शार्प यांनी लिहिला. सप्टेंबर 2009च्या 2.6.31 या आवृत्तीत तो आला आणि यूएसबी 3.0 चालवणारी पहिली ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स ठरली.

एक्सएचसीआयमध्ये चिप स्वतःचा सातबारा बाळगून असते. सुरुवातीच्या काही जागा फक्त वाचण्यासाठी राखून ठेवलेल्या, त्यांना क्षमतेच्या नोंदी म्हणतात. पोर्ट किती, जास्तीत जास्त किती वस्तू सांभाळता येतील, हे तिथे लिहिलेलं असतं. कर्नल सुरू होताना हा उतारा वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो.

पण उताऱ्यात सगळंच नसतं. यूएसबीची प्रत्येक वस्तू आतून अनेक वाटांनी बोलते, त्या प्रत्येक वाटेला एंडपॉइंट म्हणतात. माइक असलेल्या वेबकॅमला तीन-चार सहज लागतात. इंटेलच्या पँथर पॉइंट चिपसेटमधला कंट्रोलर एका वेळी मोजकेच एंडपॉइंट सांभाळू शकत होता. ही मर्यादा क्षमतेच्या नोंदींत कुठेच नव्हती. नसू दे, निदान मर्यादा ओलांडली जाताना ‘आता पुरे’ असा निरोप तरी चिपनं द्यायला हवा होता. तोही ती देत नव्हती. सॉफ्टवेअरनंच मोजत राहावं अशी तिची अपेक्षा होती.

म्हणून ड्रायव्हरमध्ये एक खास नियम घालावा लागला: ही चिप दिसली की प्रत्येक एंडपॉइंट मोजायचा आणि 64च्या पुढे नकार द्यायचा. यूएसबीच्या प्रत्येक पुस्तकात वाचायला मिळतं की एका बसवर 127 वस्तू जोडता येतात. चार एंडपॉइंटवाले वेबकॅम घेतले तर या चिपवर सोळाव्यालाच कोटा संपतो.

नव्या कंट्रोलरनं आणखी एक गोष्ट बदलली. वेळेच्या आरक्षणाचा हिशोब मुख्यतः चिपच्या आत गेला. प्रॉकमधली ती ‘बी’ची ओळ कर्नलच्या वहीवर अवलंबून होती. वहीच दुसरीकडे गेल्यावर त्या ओळीवर पूर्वीसारखा भरवसा ठेवता येईना. खिडकी तीच, पण तिथे मिळणारा उतारा शिळा. हार्डवेअर हुशार झालं आणि वापरणाऱ्याला आधीपेक्षा कमी कळू लागलं.

तर्क नको, विचारा

2012मध्ये रेड हॅटमधल्या हान्स द गूड यांनी वेगळ्या बाजूनं हाच प्रश्न सोडवला. तुमच्या कॉम्प्युटरला लावलेली यूएसबी वस्तू दूरच्या आभासी कॉम्प्युटरमध्ये वापरता यावी, यावर ते काम करत होते. कर्नलच्या काही नव्या सोयी त्यांच्या प्रोग्रामला हव्या होत्या. त्या आहेत की नाहीत हे ओळखायची एकच रीत होती: कर्नलचा आवृत्ती क्रमांक बघायचा आणि तर्क करायचा.

हा तर्क दोन ठिकाणी फसायचा. मोठ्या कंपन्यांसाठी लिनक्स पुरवणारे लोक नव्या सोयी जुन्या आवृत्तीत आणून बसवतात, त्यामुळे क्रमांक जुना आणि सोय नवी असं होतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. एक सोय एक्सएचसीआयवर जशी चालायला हवी तशी चालतच नव्हती. म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर, एकाच कर्नलमध्ये, डावीकडच्या पोर्टला ती आहे आणि उजवीकडच्याला नाही, असंही शक्य होतं. मग आवृत्ती क्रमांकाला काय विचारायचं?

उपाय म्हणून त्यांनी कर्नलला थेट विचारायचा एक प्रश्न तयार केला: या वस्तूशी बोलताना तुला काय काय जमतं? उत्तर म्हणून एक आकडा येतो, त्यातला एकेक बिट म्हणजे एकेका क्षमतेचं हो किंवा नाही. काही बिट कर्नलवर ठरतात, काही ती वस्तू ज्या कंट्रोलरला जोडली आहे त्यावर. सप्टेंबर 2012च्या 3.6 आवृत्तीत हे आलं. अनेक प्रोग्राम यूएसबीसाठी ज्या लिबयूएसबी लायब्ररीवर उभे आहेत, ती आधी हा प्रश्न विचारते आणि मग कामाला लागते.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. ‘आवृत्ती अमुकपेक्षा मोठी असेल तर’ या धर्तीच्या ओळी आमच्या धंद्यात ढिगानं सापडतात. माणसाची कुवत त्याच्या कॉलेजच्या नावावरून ठरवण्यासारखाच हा प्रकार. विचारायची सोय नसते तेव्हा सगळेच असं करतात. सोय करून देणारा माणूस मात्र क्वचित भेटतो.

मग सगळ्याच खिडक्या का उघडत नाहीत?

कारण प्रत्येक खिडकी हे एक वचन असतं. वापरणाऱ्यांचे चालू प्रोग्राम मोडायचे नाहीत, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा कडक नियम आहे. एकदा एखादी फाइल बाहेर दिसू लागली आणि कोणाचा तरी प्रोग्राम तिच्यावर अवलंबून राहिला, की ती सांभाळणं आलं. चिप बदलली, हिशोबाची पद्धत बदलली, तरी फाइलला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. ‘बी’च्या ओळीचं काय झालं ते आपण पाहिलंच.

म्हणून देखभाल करणारे लोक नवीन खिडकीला पटकन हो म्हणत नाहीत. कर्नलमध्ये या वचनांची चक्क नोंदवही आहे: कायमची, चाचणीतली, जुनी झालेली आणि काढून टाकलेली असे चार कप्पे. प्रत्येक नोंदीत फाइल, तारीख, आवृत्ती आणि जबाबदार माणसाचं नाव. स्मेलकोव्हची फाइल अशाच एका नोंदीत आहे. ज्यांना वचन द्यायचं नसतं अशा गोष्टी डीबग फोल्डरमध्ये ठेवतात. तिथलं काहीही उद्या बदलू शकतं, आणि सहसा मुख्य अधिकार असल्याशिवाय ते वाचताही येत नाही. सुरक्षेचाही मुद्दा आहेच. हार्डवेअरची बारीक माहिती सगळ्यांना दिली तर तुमचं यंत्र हजारांतून ओळखून काढणंही सोपं होतं.

तरी जे उघडं आहे ते थोडं नाही. लिनक्सवर प्रत्येक यूएसबी वस्तूच्या फोल्डरमध्ये वेगाची फाइल असते: 480, 5000 असा आकडा. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा झाडाच्या आकारात दाखवते की कोणती वस्तू कोणत्या कंट्रोलरखाली आहे. दोन कॅमेरे एकाच फांदीवर दिसले, तर एकाला दुसऱ्या कंट्रोलरच्या पोर्टवर हलवायचं. कारखान्यातला प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सुटतो, नवीन कॅमेरा न मागवता.

हातातला फोन

यातलं बरंचसं तुमच्या खिशात आहे, कारण अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल आहे. 2011च्या अँड्रॉइड 3.1पासून फोन स्वतः होस्ट होऊ शकतो आणि तो तसा होऊ शकतो का, हे ॲपला विचारता येतं. 2014मध्ये टाइप-सी खाच आली. 2017मध्ये कर्नल 4.12मध्ये टाइप-सीसाठी वेगळी खिडकी आली: पोर्ट आत्ता होस्ट आहे की वस्तू, वीज देतंय की घेतंय, हे तिथे वाचता येतं. पण फोनवर साध्या ॲपला सहसा तिथवर पोचू देत नाहीत. आणि खाचेच्या दिसण्यावरून काहीच कळत नाही. 2023च्या आयफोन 15ला टाइप-सी आहे आणि वेग 480 मेगाबिट. आयफोन 15 प्रोला तीच खाच आणि वेग 10 गिगाबिटपर्यंत.

हे निव्वळ हौशी लोकांचं दुखणं नाही. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना मिळाला. तेव्हापासून अंगठा ही ओळख झाली, आणि अंगठा वाचणारं यंत्र बहुतेक वेळा यूएसबीचं असतं. 10 नोव्हेंबर 2014ला जीवन प्रमाण योजना आली. पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायला बँकेत खेटे घालण्याऐवजी फोनला ओटीजी केबलनं स्कॅनर लावायचा, अंगठा ठेवायचा, की झालं. 2021पासून चेहऱ्यानंही हे करता येतं, पण स्कॅनर काही हद्दपार झालेला नाही.

आता काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं, आणि थोडा वेळ वापर झाला नाही तर ते आपोआप बंद होतं. ॲपवर मात्र एवढंच येतं: डिव्हाइस जोडलेलं नाही. नोव्हेंबरातल्या रांगेत उभ्या असलेल्या आजोबांना वाटतं, आपल्याच अंगठ्याच्या रेषा झिजल्या. सेंटरवरच्या मुलाला वाटतं, स्कॅनर गेला. नव्या स्कॅनरचे पैसे त्याच्याच खिशातून जाणार असतात. सणसवाडीतल्या त्या दुसऱ्या कॅमेऱ्यासारखंच हेही. यंत्र गप्प बसलं की दोष शेवटच्या माणसाकडे येतो.

स्मेलकोव्हला एक फाइल लागली, द गूड यांना एक प्रश्न. फोनच्या बाबतीत तर निम्मं काम झालेलंच आहे. पोर्ट होस्ट होऊ शकतं का आणि आत्ता ते कोणत्या भूमिकेत आहे, हे खाली कर्नलला माहीत असतं. ते वर आणून पडद्यावर एक ओळ लिहायची बाकी आहे: या फोनला स्कॅनर चालतो, फक्त ओटीजी आत्ता बंद आहे, सेटिंगमध्ये जाऊन चालू करा.